मागच्या डाव्या चाकातला आवाज

ताई, फ्रीजरमध्ये आज पुन्हा श्रीखंडाचा डबा ठेवलाय, आणि त्यात श्रीखंड नाही. वैशालीने सकाळी तो पाहिला, झाकण न उघडता मागे सरकवला आणि मटारची पिशवी पुढे ठेवली. दोन वर्षांपूर्वी याच डब्यावरून घरात केवढं महाभारत झालं होतं, आठवतं? तिच्या माहेरचे पाहुणे जेवायला बसले होते, पुऱ्या तळून तयार होत्या, आणि तिने मोठ्या कौतुकाने डबा टेबलावर आणून उघडला तर आत चार बेअरिंगं, गारठून पांढरी झालेली. तू घास न थांबवता म्हणालीस, "मुरायला ठेवलीत. उद्या छान लागतील." पाहुणे पोट धरून हसले. वैशाली तुझ्याशी दोन दिवस बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी तिनेच डब्यावर कागद चिकटवला, 'ताईंचं श्रीखंड'. तो कागद अजून तसाच आहे.

तू गेलीस त्याला आज बावीस दिवस झाले. या दिवसांत घरी आलेल्या प्रत्येकाने तुझ्याबद्दल काही ना काही सांगितलं. कुणाचा मिक्सर तू दुरुस्त करून दिला होतास, कुणाच्या मुलीला स्कूटर शिकवली होतीस. मी सतरंजीवर बसून मान डोलावत होतो. माझ्याकडेही सांगण्यासारखं होतं, पण ते चार माणसांत सांगण्यासारखं नव्हतं. ते तुला सांगायचं होतं. दोन वर्षं रोज सांगायचं होतं आणि रोज मी ते उद्यावर ढकललं. आता लिहितोय. तुला पत्र लिहायची मला सवय नाही, कारण जन्मभर आपण एकाच घरात राहिलो.

बाबा गेले तेव्हा तू एकोणीस वर्षांची होतीस आणि मी बारा. कारखान्यात बाबांच्या जागी तुला घेतलं. ऑफिसातली खुर्ची मिळत होती, ती सोडून तू विजेच्या मोटारी तपासतात त्या खात्यात, त्यांच्या भाषेत शॉपमध्ये, गेलीस. पिपलानीतल्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये संध्याकाळी परत येऊन तू हात धुवायचीस तेव्हा साबणाचा फेस काळा व्हायचा, आणि मी अभ्यास सोडून ते बघत उभा राहायचो. माणसाएवढ्या मोटारी चालू करून, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगपाशी टेकवून आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून तू ऐकायचीस. तपासायची यंत्रं काहीही सांगोत, शेवटी साहेबलोक म्हणायचे, "अरे, कानवाली दीदी को बुलाओ." हे सांगताना तू लाजायचीस, पण महिन्यातून एकदा सांगायचीस नक्की.

मलाही ते शिकवायचा तू प्रयत्न केलास. घरातला टेबलफॅन, आईचं शिवणयंत्र, शेजाऱ्यांची स्कूटर, काही सोडलं नाहीस. स्क्रू ड्रायव्हरची मूठ माझ्या कानामागे दाबून विचारायचीस, "वाळू चावल्यासारखं येतंय? बारीक? आलं ऐकू?" मी म्हणायचो, हो. मला काहीही ऐकू यायचं नाही, ताई. कधीच आलं नाही. 'हो' म्हटलं की तुझा चेहरा असा खुलायचा की खरं सांगवायचं नाही. तुझ्याशी खोटं बोलायला मी तिथे शिकलो, पण ते खोटं निरुपद्रवी होतं आणि त्याबद्दल मला आज वाईटही वाटत नाही.

पुढे मी गणिताचा मास्तर झालो, आणि हाताच्या कामात मी किती ढ आहे यावर घरात कायमचं शिक्कामोर्तब झालं. गणपतीचं मखर मी बांधलं की ते बाप्पांच्या आधी विसर्जित व्हायचं. "नंद्या, तू पाढे म्हण, खिळा मी ठोकते," असं तू म्हणायचीस. मी हसायचो. पण ताई, पन्नाशी उलटली तरी ते मला आत कुठेतरी लागायचं. तुझ्यासारख्या बहिणीचा भाऊ असून मला साधा खिळा ठोकता येऊ नये याची मला लाज वाटायची. हे मी तुला बोललो नाही. बोललो असतो तर कदाचित पुढचं काही झालंच नसतं.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात तू निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. क्वार्टर सोडून आपण या घरात आलो होतो, अंगणात गाडीपुरती जागा होती आणि तुझे हात शिवशिवत होते. एका सकाळी मला शाळेत जाताना थांबवून म्हणालीस, "गाडी मागून गुणगुणतेय." मला अर्थातच काही कळलं नव्हतं. तू मागच्या सीटवर डावीकडे बसलीस, सगळ्या काचा वर करायला लावल्यास आणि डोळे मिटलेस. मी गाडी रायसेन रोडला काढली. "चाळीसला सुरू होतोय. साठवर घे. आता जरा उजवीकडे घे... वाढला बघ. आता डावीकडे... गेला. मागचं डावं बेअरिंग." गाडी उजवीकडे वळताना तिचं वजन डाव्या चाकावर येतं, म्हणून आवाज वाढतो, हे मी तुला गणितासारखं समजावून सांगितलं. तू म्हणालीस, "हो का? बरं झालं सांगितलंस."

मी गॅरेजला टाकू म्हटलं. तू माझ्याकडे असं पाहिलंस की मी विषय बदलला. दोन्ही बाजूंची बदलायची असं तू ठरवलंस, कारण एक गेलं की दुसरंही फार दिवस टिकत नाही. तू बरखेड्याच्या दुकानातून बेअरिंगं आणलीस, रविवारी पुढच्या चाकांखाली ओंडके सरकवलेस, गाडी मागून उचललीस आणि जॅकवर भरवसा न ठेवता खाली स्टँड दिलेस. चाकाच्या आत ब्रेकचा जो ओतीव ड्रम असतो, त्यातच ही बेअरिंगं घट्ट बसलेली असतात, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. जुनी ठोकून काढलीस. मग धुतलेले ड्रम गच्चीवर नेलेस आणि वैशालीने पापड घातले होते त्यांच्या शेजारी कडक उन्हात मांडलेस. ड्रम तापून किंचित फुगतो, बेअरिंग गारठून किंचित आकसतं, मग दोघं भांडण न करता एकमेकांत बसतात. श्रीखंडाच्या डब्याचं कारण हे होतं.

आणि एक नियम होता. तो तू मला त्या दिवशी चार वेळा सांगितलास, म्हणून मला तो माहीत नव्हता असं मी म्हणूच शकत नाही. बेअरिंगला दोन कडी असतात, एक बाहेरचं, एक आतलं, आणि मध्ये गोळ्या. ड्रममध्ये बसवताना ठोकायचं ते बाहेरच्या कड्यावर. "आतल्याला हात लावायचा नाही, नंद्या. आतल्यावर मारलंस की मार थेट गोळ्यांना बसतो. पोचा पडतो, डोळ्यांना दिसतही नाही, पण मग ते बेअरिंग रडतं." त्यासाठी तू कारखान्यातल्या लेथवर कधीतरी एक पितळी रिंग करून घेतली होतीस, बरोब्बर बाहेरच्या कड्याएवढी. ती बेअरिंगवर ठेवायची आणि रिंगवर हलक्या हाताने ठोकायचं. उजव्या बाजूची दोन्ही तू बसवलीस. डाव्या बाजूचं आतलं बेअरिंग बसवलंस. बाहेरचं तेवढं राहिलं होतं. ते तू ड्रमच्या तोंडाशी ठेवलंस आणि आत फोन वाजला.

पुण्याच्या आत्यांचा फोन होता. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून त्या ओरडून बोलतात आणि फोन ठेवत नाहीत. रिंग तुझ्या कुर्त्याच्या खिशात होती. "हात लावू नकोस, मी आलेच," असं म्हणून तू आत गेलीस.

मी थांबलो, ताई. खरंच पाच मिनिटं थांबलो. ड्रम निवत होता, बेअरिंगवरचं पांढरं दव वितळून पाणी झालं होतं आणि ते जरा तिरकं बसलंय असं मला दिसत होतं. आतून तुझा आवाज येत होता, "हो आत्या, हो, इकडे पण खूप ऊन आहे." तुला हाक मारून रिंग मागणं काही अवघड नव्हतं. पण तू बाहेर यावंस तेव्हा ते बसलेलं असावं, आणि ते मी बसवलेलं असावं, असं मला वाटलं. पेटीतला नट आवळायचा एक पोकळ सॉकेट उचलला. तो आतल्या कड्यावर बसत होता. वर हातोडी मारली. तीन वेळा. तिसऱ्याला ते टक्क करून आत गेलं आणि त्याच क्षणी मला तुझा नियम आठवला. विसरलो होतो असं नाही. तोवर मी तो आठवू दिला नव्हता.

आतल्या कड्यावर सॉकेटच्या धारेचे तीन चकचकीत चंद्र उमटले होते. मी घाईघाईने डब्यातलं ग्रीस घेतलं आणि तू दाखवलं होतंस तसं, पुरणपोळीत कडेपर्यंत पुरण सारतात तसं, भरून टाकलं. चंद्र दिसेनासे झाले. तू बाहेर आलीस, वाकलीस, ड्रम हाताने फिरवून पाहिलास. "बसलं? तू बसवलंस?" आणि माझ्या पाठीवर ग्रीसचा हात ठेवून म्हणालीस, "अरे वा! आज पहिल्यांदा तुझा हात बघितला रे, नंद्या. आईला दाखवायला हवा होता."

आता सांग, मी काय करायला हवं होतं? मला माहीत आहे काय करायला हवं होतं. तुला सांगून टाकलं असतं तर तू दोन शिव्या दिल्या असत्यास, स्कूटर काढून नवं बेअरिंग आणलं असतंस आणि संध्याकाळी वैशालीला सगळं रंगवून सांगितलं असतंस. तासाभराचं काम होतं. पण पन्नास वर्षांत पहिल्यांदा तू मला शाबासकी दिली होतीस, आणि ती मला परत करवली नाही. तो शर्ट मी धुवायला टाकला नाही. वैशालीने तो नंतर फरशी पुसायला घेतला तेव्हा मी तिच्यावर उगाच ओरडलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण रायसेन रोडला गेलो. तू मागे डावीकडे, काचा वर, डोळे मिटलेले. मी साठवर गाडी घेतली. उजवीकडे, डावीकडे. मग म्हणालीस, "नंद्या, बारीक आवाज आहे."

आणि ताई, तो मला ऐकू आला. आयुष्यात पहिल्यांदा ऐकू आला. वाळू चावल्यासारखा, बारीक, तू म्हणायचीस तसाच. लहानपणी दहादा मूठ कानामागे दाबून जे तुला शिकवता आलं नाही, ते त्या तीन ठोक्यांनी मला शिकवलं. आणि मी म्हणालो, "नाही गं. रस्त्याचा असेल."

"रस्त्याचा वेगळा असतो."

"मला तर काहीच येत नाहीये. तुझ्या कानात शिट्टी वाजत असेल. वय झालं आता, कानवाली दीदी."

तू हसलीस. मला आरशात दिसलं. हसून मग तू पुन्हा डोळे मिटून ऐकत राहिलीस, घरी येईपर्यंत, आणि गाडीतून उतरताना म्हणालीस, "असेल बाबा." एवढंच. त्यानंतर आठवडाभर तू टेबलफॅनला, फ्रीजला, पाण्याच्या पंपाला स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकत होतीस. वैशालीला वाटलं ताईंना करमत नाहीये. तू स्वतःचे कान तपासत होतीस, हे मला कळत होतं.

मग तुला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं तेही मीच. बिट्टन मार्केटजवळचे ते डॉक्टर, आठवतात? त्यांनी तुला बंद खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या आणि कागद हातात देऊन म्हणाले, "माताजी, इस उमर में ऐसे कान मैंने कम देखे हैं." मला वाटलं, सुटलो. आता तू म्हणशील, मग आवाज होता. पण बाहेर येऊन तू कागदाची घडी घातलीस आणि म्हणालीस, "यांच्या शिट्ट्या मोठ्या असतात रे. कारखान्यात हे चालत नाही." डॉक्टरवर तू विश्वास ठेवला नाहीस, ताई. माझ्यावर ठेवलास.

दिवाळीपर्यंत तो आवाज सगळ्यांना ऐकू यायला लागला. भाजीला बिट्टन मार्केटला जाताना वैशालीच म्हणाली, "अहो, मागून काहीतरी घुं घुं येतंय." मी तुझ्याकडे बघितलं. तू म्हणू शकली असतीस, बघ, मी सांगत होते. ते तुझ्या मनातसुद्धा आलं नाही. "माझंच काहीतरी चुकलं असणार," असं म्हणालीस आणि खिडकीबाहेर बघत बसलीस.

त्यानंतरचे दिवस मला सहन होत नाहीत. जेवताना मध्येच थांबून तू म्हणायचीस, "नट जास्त आवळला असेल का मी?" आंघोळीहून येऊन म्हणायचीस, "ग्रीसमध्ये धूळ गेली असेल. गच्चीवरून आणताना ड्रम झाकायला हवा होता." तू तुझ्या हाताची प्रत्येक हालचाल आठवून तिच्यावर संशय घेतलास. एका हालचालीवर घेतला नाहीस, कारण ती माझी होती आणि तिला तू शाबासकी दिली होतीस. आपला एक जुना वाद होता, नट मोजून आवळायचा की हाताला कळेल तेवढा. मी मोजण्याच्या बाजूचा, तू हाताच्या. तो वाद तू त्या काळात एके दिवशी आपणहून सोडलास. "तुझं बरोबर आहे, हाताचं काही खरं नसतं," म्हणालीस. इतकी वर्षं मला तो वाद जिंकायचा होता. असा नाही.

गाडी उघडू या असं तू एकदा म्हणालीस. मी म्हटलं, चालतंय तोवर चालू दे. गॅरेजलाही नेली नाही. उघडली की ते तीन चंद्र तुला दिसणार, याची मला भीती होती. तू ते ओळखले असतेस, सॉकेट कितीचा होता तेही सांगितलं असतंस. रडणारं बेअरिंग घेऊन मी गाडी चालवत राहिलो आणि तुला नेहमीसारखं त्याच चाकाच्या वर बसवत राहिलो. माणूस लाजेपायी काय काय करतो! हे लिहिताना मला माझ्याच हातांकडे बघवत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर एक दिवस तू औजारांची पेटी स्कूटरवर ठेवून सक्सेनाजींकडे नेऊन दिलीस. तुझ्याच शॉपमधले, तुझ्यानंतर दोन वर्षांनी लागलेले सक्सेनाजी, इथून तिसऱ्या गल्लीत राहतात. मी म्हटलं, अगं राहू दे ना घरात. तू म्हणालीस, "पडून गंजतील. वापरणाऱ्याकडे असलेली बरी." त्या दिवशी सांगायला हवं होतं. त्या दिवशी तर नक्कीच.

आणि शेवटचा दिवस. तुझ्या छातीत दुखायला लागलं, घामाने तू भिजलीस, आणि मी तुला गाडीत मागे आडवं केलं. वैशाली तुझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. सकाळची वेळ, रस्ते मोकळे, मी गाडी पळवत होतो आणि मागे तो आवाज घुमत होता. वैशाली स्तोत्र पुटपुटत होती. तू डोळे मिटून विचारलंस, "नंद्या, डावीकडचंच आहे ना?"

"हो ताई, डावीकडचंच."

"म्हणजे एवढं तरी कळतं अजून," असं तू म्हणालीस.

मी स्टेअरिंग घट्ट धरून बसलो. तोंडापर्यंत आलं होतं. आता नको, तिला त्रास होईल, बरी झाली की सांगू, असं मी स्वतःला समजावलं. दोन दिवसांनी तू गेलीस. त्या दोन दिवसांत तू शुद्धीवर होतीस, माझ्याशी बोललीस, वैशालीला पाण्याचा पंप बंद करायची आठवण करून दिलीस. वेळ होता, ताई.

तेराव्यानंतर मी बेअरिंगं आणली आणि सक्सेनाजींकडे पेटी मागायला गेलो. त्यांनी ती पलंगाखालून काढली. मला वाटलं होतं औजारं वापरून झिजली असतील. उघडून पाहिलं तर एकेक औजार तेलाने चमकत होतं, पितळी रिंग तुझ्या जुन्या ओढणीच्या तुकड्यात गुंडाळलेली. सक्सेनाजी म्हणाले, "मैंने तो एक भी नहीं चलाया, भैया. दीदी महीने में एक बार आती थीं. सब निकालतीं, पोंछतीं, तेल लगातीं, फिर पेटी बंद करके चाय पीतीं. मैं कहता था, दीदी, ले जाइए अपनी चीज़. बोलतीं, नहीं सक्सेना, अब इस हाथ का भरोसा नहीं." तू दर महिन्याला तिकडे जात होतीस आणि मला वाटत होतं तू भाजीला जातेस.

काल शनिवार, शाळा लवकर सुटली. मी ओंडके लावले, गाडी उचलली, स्टँड दिले. नट काढला, वॉशर काढला, बोटाने ग्रीस पुसलं. चंद्र तिथेच होते. तीन. गंज नाही, काही नाही, जसेच्या तसे. वैशाली चहा घेऊन आली तेव्हा मी जमिनीवर बसून रडत होतो. तिला मी सगळं सांगितलं. रविवार, फोन, सॉकेट, रायसेन रोड, सगळं. ती जाऊ द्या म्हणेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली नाही. कपात चहा गार होईपर्यंत उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्याशी एकदा बोलला असतात, तर मी सांगितलं असतं त्यांना." मग आत गेली. रात्रीच्या जेवणाला ती माझ्याशी कामापुरतंच बोलली, आणि मला ते बरं वाटलं.

ते जुनं बेअरिंग खिशात घालून मी आज सकाळी सक्सेनाजींकडे गेलो. त्यांच्या हातात ठेवलं आणि म्हटलं, "सक्सेनाजी, दीदी का हाथ नहीं चूका था. हथौड़ी मैंने मारी थी."

त्यांनी चष्मा लावला, बेअरिंग उजेडाकडे धरलं, अंगठा त्या खुणांवरून फिरवला. मग कानाशी नेऊन हळूच फिरवलं. तुझ्याच शॉपचे ते.

"और उनका कान?"

"कान भी ठीक था. मैंने झूठ बोला था."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "मुझसे पूछती थीं, सक्सेना, सच बता, तुझे भी कम सुनाई देता है क्या? मैं कह देता था, हाँ दीदी, उमर है. उनका मन रखने को." त्यांनी बेअरिंग माझ्या हातात परत दिलं. "ये बात उनको बतानी थी, भैया." रागाने म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं.

दुपारी ड्रम गच्चीवर तापवला. यंदा पापड नव्हते, तू गेलीस म्हणून वैशालीने घातले नाहीत. डबा फ्रीजरमधून काढून दिला तो मात्र तिनेच. मी बेअरिंग ठेवलं, त्यावर तुझी रिंग ठेवली, बाहेरच्या कड्यावर, नीट बघून, पुन्हा बघून. हलक्या हाताने ठोकलं. ते आपलं आपण आत गेलं, ताई, लोण्यात बोट जावं तसं. इतकं सोपं होतं. खिशातून रिंग मागायचा तेवढा प्रश्न होता. डबा परत फ्रीजरमध्ये ठेवलाय, उजवीकडची दोन अजून त्यात आहेत. ती पुढच्या रविवारी.

ऊन उतरल्यावर एकटाच रायसेन रोडला गेलो. वैशालीने येऊ का विचारलं, मी नको म्हटलं. काचा वर केल्या. मागच्या डाव्या सीटवर तुझी पेटी ठेवली होती, तिला बेल्ट लावला होता, नाहीतर वळणावर सरकते. चाळीस झाले. साठ झाले. उजवीकडे घेतली, डावीकडे घेतली. काही नाही. निदान मला तरी काही ऐकू आलं नाही, आणि माझ्या ऐकण्याला काय अर्थ आहे, ते तुझ्याइतकं कुणाला माहीत? तू मागून "ठीक आहे" म्हणेपर्यंत आपण कधी गाडी परत फिरवत नव्हतो. मी पुढे जात राहिलो, वळायचं ते ठिकाण मागे पडलं, तरी जात राहिलो. मग आरशात बघितलं आणि मोठ्याने बोललो, जसं आत्यांशी बोलायला लागतं तसं.

"आवाज होता, ताई. मलाही ऐकू आला होता."